बाईंना खुर्ची आणा

“तुमची ती शेजारच्या विंगमधली जागा रिकामी झालीय ना? भाडेकरू शोधू नकोस. मी येतेय राहायला.”

बऱ्हाणपूरहून मावशीचा हा फोन आला तेव्हा मी ठाण्यात घोडबंदर रोडवर रिक्षात अडकले होते. पुढे टँकर, मागे शाळेची बस, आणि बाजूचा टेम्पोवाला रस्ता मोकळा होईल या आशेने हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी ओरडूनच विचारलं, “मावशी, इथे? या गोंधळात?”

“हो. तो हॉर्न वाजतोय ना, तिथेच,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

माझी मावशी सुशीला सत्तरी ओलांडलेली आहे. बऱ्हाणपूरच्या मराठी प्राथमिक शाळेत तिने जन्मभर शिकवलं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. बुधवारा नावाच्या मोहल्ल्यात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहते. अख्खं गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणतं. अशा बाईने उठून ठाण्याच्या टॉवरमध्ये येऊन राहायचं म्हणजे काय, यावर आमच्याकडे चर्चा झाली. माझे यजमान अजित म्हणाले, “इथे लिफ्टमध्ये माणूस माणसाकडे बघत नाही. आठ दिवसांत रडकुंडीला येतील त्या. तू चार दिवस जा आणि समजूत काढ.” एक तरुण जोडपं त्या जागेसाठी तयार होतं आणि त्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

मलाही अजितचं पटलं होतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं आडनाव मला त्यांच्या कुरियरच्या पाकिटावरून कळलं, तेही राहायला आल्यावर कितीतरी वर्षांनी. या शहराच्या गर्दीचा मला जो काही राग आहे तो धक्क्यांचा नाही, या अनोळखीपणाचा आहे. मावशीकडे जे भरभरून आहे ते सोडून ती इकडे यायला निघाली, म्हणजे मला ते दैव देतं आणि कर्म नेतं यातलंच वाटलं. तेव्हा मी बॅग भरली. रेल्वेच्या प्रवासाचं काही सांगत नाही. झोपले आणि उतरले.

स्टेशन ते बुधवारा

बऱ्हाणपूरचं स्टेशन शहरापासून लांब, लालबागला आहे. बाहेर गाडीवर गरम पोहे दिसले. घाईने पहिला घास घेतला आणि जीभ भाजली. मग रिक्षावाल्याला घराचा नंबर, गल्ली, दुकानाचं नाव, सगळं नीट सांगितलं. त्याला काही उमगेना.

“शाळेतल्या सुशीलाबाई आहेत ना, त्यांच्याकडे,” मी शेवटी म्हटलं.

“मग असं बोला ना, ताई! पत्ता काहून सांगून राहिले? बाईंच्या कोण तुम्ही?”

“भाची.”

झालं. वाटेत त्याने दोनदा रिक्षा थांबवली. एकदा पानाच्या टपरीवर आणि एकदा दवाखान्यापाशी. दोन्हीकडे “बाईंची भाची आली, ठाण्याहून” ही बातमी देऊन तो पुढे निघाला. शनवाऱ्याच्या जुन्या वेशीच्या दरवाजातून आत शिरलो आणि माझी खेड्याची कल्पना तिथेच गळून पडली. मोटारसायकली, हातगाड्या, केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो, मधोमध बसलेली गाय, आणि गल्ल्यांमधून पॉवरलूमची अखंड खटखट. आमचं ठाणं निदान वर वर वाढतं, हे शहर एकमेकांच्या अंगावर वाढलंय.

जिना चढून वर गेले तर मावशी दारातच उभी होती. “ये. जांभळा कुडता छान आहे. जीभ फार भाजली का?”

मी आ वासून बघत राहिले. पोहेवाला तिचा विद्यार्थी होता.

पहिला दिवस मी नुसती सुखावून गेले. शेजारच्या रेखावहिनी तुपाची वाटी घेऊन आल्या, खालचा दुकानदार चहा घेऊन वर आला. जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. रेखावहिनींनी माझ्या मुलाचं शिक्षण, अजितची नोकरी, माझं गुडघ्याचं दुखणं असं सगळं विचारून घेतलं. आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी चौकशी पोलीस व्हेरिफिकेशनलासुद्धा होत नाही. मला मनापासून बरं वाटलं. मी अजितला फोनवर सांगितलं, “ही जागा सोडून कोणी शहाणा माणूस ठाण्याला येणार नाही. त्या जोडप्याला हो म्हणून टाक.”

“मावशींशी बोललीस?”

“बोलते उद्या,” मी म्हटलं.

बाजारात

दुसऱ्या दिवशी मी मावशीबरोबर बाजारात गेले. बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर. पण मावशीबरोबर तिथे पोचायला सकाळ सरली.

कोपऱ्यावर भांड्याचा दुकानदार लगबगीने बाहेर आला. “अरे, बाईंना खुर्ची आणा!” आतून प्लास्टिकची खुर्ची आली. मावशी बसली, पाणी प्यायली, त्याच्या नातीची चौकशी करून उठली. पुढे शिंप्याकडे खुर्ची, मग मेडिकलमध्ये खुर्ची. मधे एक मोटारसायकलवाला थांबला. “बाई, पैदल कुठे निघाल्या? बसा, सोडून देतो.” त्याला नाही म्हणण्यात वेळ गेला. भाजीवाल्या बाईने मावशीच्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “कालच तर मेथी नेली ना बाई. पाहुण्यांना मेथी आवडते वाटतं.”

मला मजा वाटत होती. मावशीच्या कपाळावर मात्र बारीक आठी होती.

चौकात मावा जिलेबीची मोठी कढई आहे. ही जिलेबी आपल्या नेहमीच्या पिवळ्या जिलेबीसारखी कुरकुरीत नसते. खव्याची, जाडजूड, काळपट तपकिरी, आणि चावली की पाक मनगटापर्यंत येतो. तिथे माणसं गर्दी करून, द्रोण हातात धरून, फुंकर मारत उभ्याने खात होती. मावशी जरा थांबली. लगेच गर्दी दुभंगली आणि कढईमागून आवाज आला, “बाईंना खुर्ची आणा!”

“नको रे. बांधून दे,” मावशी म्हणाली आणि पुडा घेऊन चालू लागली.

घरी आल्यावर तिने तो पुडा उघडला. जिलेबी गार झाली होती, पाक थिजला होता. तिने एक तुकडा मोडला आणि मला सगळं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती याच चौकात मैत्रिणीबरोबर कचोरी खात उभी होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी खोलीत बोलावून घेतलं. ‘शिक्षिका रस्त्यात उभ्याने खात नाही. मुलं बघतात.’ तेव्हा मावशी विशीत होती. तिने ते ऐकलं आणि पाळलं.

“मग निवृत्त झाले. म्हटलं, आता खाऊ. तर तोवर ती मुलंच सगळ्या दुकानांचे मालक झाली होती. कुठे उभी राहू? नीलू, खेड्यात चार डोळे असतात. शहरात लाख माणसं असतात, पण त्यांना सवड नसते. इथे काय झालंय, माणसं शहराची आणि सवड खेड्याची.”

“पण मावशी, किती प्रेम करतात तुझ्यावर.”

“करतात ना. मी कुठे नाही म्हणतेय? पण मला एकदा गरम जिलेबी उभ्याने खायचीय आणि त्या वेळी कोणी बाई म्हणायला नकोय. एवढ्यासाठी ठाण्याला येऊन राहायचंय. हसू येत असेल तर हस.”

मला हसू आलं नाही. पण पटलंही नाही. जिलेबीसाठी कोणी गाव सोडतं का, असं मनात आलंच.

शाहपूर

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच शाहपूरला केळीच्या बागा बघायला गेले. तिथे रेखावहिनींचं माहेर. त्यांच्या भावाने बाग दाखवली, केळफुलाची भाजी खाऊ घातली. निघताना मी हौसेने एक घड उचलून फोटो काढून घेतला आणि केळीचा चीक जांभळ्या कुडत्यावर ओघळला. हा डाग जन्मात जात नाही, हे त्यांनी मला डाग पडल्यावर सांगितलं.

परत आल्यावर चौकात उतरले आणि एकटी आहोत या आनंदात जिलेबीच्या कढईपुढे उभी राहिले. पहिली जिलेबी इतकी अप्रतिम होती की दुसरी घेतली, आणि दुसरी घेतल्यावर तिसरीला नाही कशाला म्हणायचं? गरम, मऊ, वेलदोड्याच्या वासाची. हाताला पाक, कुडत्याला चीक, आणि कोणी बघणारं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

घराकडे वळले तर दवाखान्यातून डॉक्टर बाहेर आले. “ताई, शुगर चेक केलीय का इतक्यात? तीन म्हणजे जरा जास्तच.” शिंपी म्हणाला, “डागाला लिंबू लावा, पण जाणार नाही.” रेखावहिनी जिन्यातच भेटल्या. “ताई, भाऊ म्हणत होता, जेवल्या कमी तुम्ही. जिलेबीसाठी जागा ठेवली होती का?”

आणि कळस म्हणजे अजितचा फोन आला. “पोट बरं आहे ना तुझं? मावशींना फोन केला होता, तर कोणी वहिनी बोलल्या. तीन जिलेब्या खाल्ल्यास म्हणे.”

मी कॉटवर बसले. मला भयंकर राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना, कारण सगळे प्रेमानेच विचारत होते. ठाण्यात मी एकदा ऑफिसातून निघून तलावपाळीच्या कठड्यावर बसून मनसोक्त रडले होते. शेकडो माणसं समोरून गेली. कोणी काही विचारलं नाही. तेव्हा मला ते शहर फार कोरडं वाटलं होतं. आता वाटलं, बरं झालं विचारलं नाही. माझं रडणं माझंच राहिलं.

मावशी समोर बसून माझ्याकडे बघत होती. “आलं का ध्यानात?”

“आलं,” मी म्हटलं. “चल, उद्याच तुला उभ्याने खायला घालते.”

नदीपलीकडे

बेत साधा होता. तापीच्या पलीकडे जैनाबाद. तिथल्या मुलांची शाळा वेगळी, त्यामुळे तिथे मावशीला ओळखणारं कोणी नसणार. पुलावरून रिक्षाने जाता आलं असतं, पण रिक्षावाले तिचे विद्यार्थी. म्हणून राजघाटावरून नाव करायची ठरली.

“नावाडी?” मी विचारलं.

“तो शाळेत आलाच नाही कधी. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आले होते बोलवायला.”

इथल्या मुली स्कूटरवर तोंडाला ओढणी गुंडाळतात तशी माझी ओढणी मी मावशीच्या तोंडाला गुंडाळली. डोळ्यांना माझा गॉगल, खाली नऊवार नाही तरी चांगली कडक इस्त्रीची सुती साडी. ती बँक लुटायला निघालेल्या मुख्याध्यापिकेसारखी दिसत होती. नावाड्याने आम्हाला पलीकडे नेलं, पण वाटभर तो समोरच्या काठाकडेच बघत राहिला, मावशीकडे एकदाही नाही.

“ओळखलं बहुतेक. अजून टाळतो,” मावशी ओढणीतून पुटपुटली.

हिवाळ्याची सकाळ, नदी संथ, मागे घाटाच्या पायऱ्यांवर धुणी वाळत घातलेली. मावशी खुशीत होती. जैनाबादच्या बाजूची एक जुनी बाग दाखवून म्हणाली, “बादशहाची बेगम वारली तेव्हा आधी इथेच पुरलं होतं तिला. मग उचलून आग्र्याला नेलं. तिलासुद्धा इथून हलता आलं, मग मी काय कोणाचं घोडं मारलंय?”

गावात शिरताच रस्त्याच्या कडेला जिलेबीची गाडी दिसली. कढई धडधडत होती. चार-पाच जण द्रोण घेऊन उभे होते. आम्हीही उभ्या राहिलो. कोणी मागे वळून पाहिलं नाही. मावशीने माझा हात घट्ट धरला होता. आमचा नंबर आला. गाडीवाल्याने नुकताच कोळसा सारला होता आणि तोच हात पुसत तो द्रोण उचलायला गेला.

“आधी हात दाखव,” मावशी म्हणाली.

पन्नाशीच्या त्या माणसाने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. मग काही न सांगता ते उलटे केले. मग एकदम दचकून त्याने गॉगलकडे पाहिलं.

“बाई?”

मावशी वर्गात रोज सकाळी मुलांचे हात तपासायची. आधी तळवे, मग मागची बाजू, मग नखं. हा गृहस्थ लहानपणी मामाकडे बुधवाऱ्यात राहून तिच्या शाळेत शिकला होता.

“तुम्ही पहिल्यांदा आल्या जैनाबादला माझ्या गाडीवर,” असं म्हणून त्याने हात धुतले, डोळे पुसले आणि मागे वळून हाक मारली, “ए, बाईंना खुर्ची आणा!”

खुर्ची आली. मावशीने ओढणी सोडली, गॉगल काढला आणि बसली. दहा-बारा माणसं भोवती जमली. जिलेबी गरम होती, पण तिने ती खुर्चीत बसून, सगळ्यांच्या देखत, छोटे छोटे घास घेत खाल्ली. त्याला बरं वाटावं म्हणून दुसरीही घेतली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

परतताना नावेत तिने ओढणीची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना तुला?”

मी तिथूनच अजितला फोन लावला. म्हटलं, “त्या जोडप्याला नाही सांग. मावशी येतेय.”

“समजूत काढायला गेली होतीस ना?”

“काढली,” मी म्हटलं. “माझी निघाली.”

निघायच्या दिवशी स्टेशनवर निम्मा बुधवारा आला होता. दराबा मिठाई, केळ्याचे वेफर्स, केळ्यांचे घड, एक उशी. रेखावहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “बाई, करमलं नाही की लगेच या. आणि माझा दीर भिवंडीला लूमवर आहे, काही लागलं तर त्याला सांगा.” मग शिंप्याचा भाऊ भिवंडीतला निघाला, दुकानदाराचा साडू भिवंडीतला निघाला. इथले विणकर कामाला भिवंडीलाच जातात. आणि भिवंडी ठाण्याला लागून आहे, हे मावशीच्या त्या वेळी लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी गप्प बसले.

ठाणे

मावशीला करमणार नाही, असं अजित रोज संध्याकाळी म्हणायचे. तिला उत्तम करमलं. पहिल्या आठवड्यात तिने वडापाव, पाणीपुरी, मिसळ, भाजलेलं कणीस हे सगळं उभ्याने खाल्लं. कोणत्याही बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा पाऊण अंतर उभं राहावं लागलं, कोणी उठून जागा दिली नाही, तर पाय दाबत दाबत ती ते कौतुकाने सांगत होती. लिफ्ट बंद पडली, पाणी गेलं, टँकर आला नाही, तेव्हा ती वैतागलीही. “पण नीलू,” म्हणाली, “वैतागले तर कोणी का म्हणून विचारलं नाही. केवढी चैन आहे.”

एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी तलावपाळीला गेलो. मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी. आम्ही रगडा पॅटिस घेतलं. मावशी एका हातात बशी धरून, फुंकर मारत, धक्के खात मजेत उभी होती. पर्स आणि बशी सांभाळायला मला हात पुरेनात.

आणि मला दिसलं, की पलीकडच्या पाणीपुरीच्या गाडीपाशी एक माणूस पुन्हा पुन्हा हात पँटला पुसतोय. मावशीचं लक्षही तिकडेच होतं.

“अन्वर आहे,” ती हळूच म्हणाली. “तिसरीत होता. भिवंडीला असतो वाटतं.”

“त्याने पाहिलं नाही आपल्याला. चल, निघू,” मी म्हटलं.

मावशी वळली. दोन पावलं चाललीही. मग थांबली. त्या तोबा गर्दीत ती बशी हातात धरून उभी राहिली आणि मला तिच्याकडे बघून कळलं, की आता ती काही पुढे चालत नाही. तिला कोणी ओळखू नये असं वाटत होतं. आपण कोणाला ओळखू नये, हे तिला जमणारं नव्हतं.

“अन्वर, हात दाखव.”

आवाज चढवलासुद्धा नव्हता. पण तो माणूस जागच्या जागी वळला. कोण बोललं हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पाणीपुरीचा द्रोण खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग उलटे. मग वर पाहिलं. “बाई? आप इधर?” आणि लगेच इकडेतिकडे बघत रसाच्या दुकानातलं स्टूल ओढायला धावला.

“ठेव ते,” मावशी म्हणाली. “मी उभ्याने खातेय.”

मग दोघं कितीतरी वेळ बोलत उभे राहिले. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी बाजूला उभी होते आणि मला स्पष्ट सांगायचं तर हेवा वाटला. इतकी वर्षं या गर्दीतून चालतेय, पण अशी हाक मला कोणी मारली नाही आणि मीही कोणाला मारली नाही.

आम्ही घरी पोचून चपला काढतोय तोच मावशीचा फोन वाजला. बुधवाऱ्याहून रेखावहिनी होत्या. त्यांचा आवाज मला दारातूनही ऐकू येत होता.

“बाई, रगडा गरम होता का?”

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कॉटवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, “गरम होता. रस्त्यात उभ्याने खाल्ला. सांग सगळ्यांना.”